सोनबानं खुर्ची उचलली नसती तर

उंद्रीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायांना सिनेमा लागत नाही, भजनाची कॅसेट लागत नाही. त्यांना पुष्पाबाई लागते. ज्याच्या वावरात पुष्पाबाई वेचणीला जाणार, त्याच्या वावरात बाया न बोलावता जास्त येतात, हे आता शेतकऱ्यांनाही कळून चुकलं आहे. तिची पात मधोमध असावी म्हणून सकाळीच बाचाबाची होते. पात म्हणजे एका बाईनं वेचत जायचा ओळींचा पट्टा. कडेची पात ज्या बाईच्या वाट्याला येते तिला पुष्पाबाईचा आवाज अर्धाच ऐकू येतो, आणि अर्धी कुस्ती ऐकून कोणाचं समाधान होणार?

हो, कुस्तीच. पुष्पाबाई कुस्ती सांगते. यात्रेतली मातीतली नव्हे. टीव्हीवरची. चौकोनी मंचाला दोऱ्या बांधलेल्या, त्यात उघडेबंब धिप्पाड गोरे एकमेकांना उचलून आपटतात आणि मागून हिंदीत एक जण गळा फाडून ओरडत असतो, ती. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा तिच्या लेकानं, शिवमनं, खामगावच्या तेल गिरणीतल्या पहिल्या पगारातून टीव्ही आणला आणि टिनावर छत्री बसवून दिली. बाकीच्या बाया मालिका पाहू लागल्या. पुष्पाबाईचं बटण एकदा चुकलं आणि ती कुस्तीवर जाऊन थांबली ती थांबलीच. "मालिकेत निस्त्या रडत राह्यतात," ती म्हणते, "इथं ज्याले राग आला तो मारते अन् मोकळा होते."

त्या पैलवानांची खरी नावं तिच्या जिभेवर टिकेनात, म्हणून तिनं सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं. सोनेरी केस खांद्यावर रुळतात तो सोनबा. त्याचा जोडीदार, त्याच्याहून हातभर उंच, तो डोंगऱ्या. सोनबा गुणाचा माणूस. येताना कडेच्या पोरासोरांच्या हातावर टाळ्या देत येणार, पडलेल्याला मारणार नाही, जिंकला तर आभाळाकडे बघून हात जोडणार. पुष्पाबाई हे सांगायची ते डोळे अर्धे मिटून. हात आपले चालूच, बोंडातून कापूस निघतोय, कमरेच्या ओटीत पडतोय, आणि दुपारच्या त्या पांढऱ्या झळाळीत कपाशीच्या पऱ्हाटीमधून सोनबा चालत यायचा. कोकिळा, तिची शेजारच्या पातीतली जुनी मैत्रीण, तर शपथेवर सांगते की एकदा तिला बांधावर सोनेरी केस दिसले होते. ते वाळलेलं गवत असणार. पण कोकिळेशी वाद घालायला कोण जातं!

सोनबा-डोंगऱ्याची जोडीची कुस्ती असायची. तिचा नियम असा की एक जण आत लढणार आणि दुसरा दोरीबाहेर हात लांबवून उभा राहणार. आतल्यानं येऊन हातावर टाळी दिली तरच बाहेरच्यानं आत जायचं, तोवर नाही. डोंगऱ्या टाळी द्यायचा ती मार खाऊन अर्धमेला झाल्यावर. मग सोनबा आत जायचा, समोरच्यांना झोडपून काढायचा, आणि ते लोळायला आले की डोंगऱ्या पुन्हा टाळी घेऊन आत यायचा, त्यांच्या छातीवर बसायचा, जिंकलेला पट्टा आपल्या खांद्यावर टाकायचा आणि माइक घेऊन भाषण ठोकायचा. सोनबा मागे उभा राहून हसायचा.

"किती मोठ्या मनाचा वं," कोकिळा म्हणायची. "असा भाऊ पाह्यजे माणसाले."

"हाव," पुष्पाबाई म्हणायची, आणि तिचा हात बोंडावर जरा वेळ तसाच राहायचा.

त्याचं कारण होतं. पुष्पाबाईचं माहेर बीबी गावचं. वडील गेल्या थंडीत गेले आणि शेताच्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली तिचंही नाव लागलं. ते काही कोणी प्रेमानं लावलं नव्हतं, कायद्यानं लागलं. आपल्याकडे अशी नावं लागतात ती काढून टाकण्यासाठीच. बहिणीनं तहसीलीत जायचं, हक्कसोड लिहून द्यायची, भावानं साडी-चोळी करायची, आणि सगळ्यांनी घरी येऊन पुरणपोळी खायची. सही केली तर ती बहीण. नाही केली तर ती हिस्सेदार, आणि हिस्सेदाराला कोणी दिवाळीला बोलावत नाही. कोकिळेनं आपल्या भावांना कधीच सही देऊन टाकली होती. उंद्रीतल्या कोणत्या बाईनं दिली नव्हती?

यंदा दिवाळीच्या आधी उकंडरावाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, फोन आला. "पुष्पे, भाऊबीजेला ये. दुसऱ्या दिवशी लगेच तहसीलीत जाऊन येऊ. तुझ्या वहिनीनं साडी पाहून ठेवली, तुझ्या आवडीच्या रंगाची."

"येते," पुष्पाबाई म्हणाली.

उकंडराव वाईट माणूस असता तर सगळंच सोपं होतं. पण तो वाईट नव्हता. तिचा नवरा गेला तेव्हा हाच टेम्पोत ज्वारीची पोती घालून आला होता. छपरावरची टिनं उडाली तेव्हा हाच वर चढून ठोकून गेला होता, खिळे तोंडात धरून, खाली उभ्या बहिणीला नावं ठेवत. आईच्या मागं माहेरपण त्यानं कधी कमी पडू दिलं नाही. असा भाऊ, आणि त्याला नाही म्हणायचं?

आणि तरी तिला विहिरीकडची पट्टी हवी होती. मोठी नाही, बैलानं दोन चकरा मारल्या की संपणारी. ती कशाला हवी हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं नव्हतंच. पहिल्या वेचणीच्या दिवशी आपल्याकडे सीतादही करतात. वावराची मालकीण पऱ्हाटीपाशी खडे मांडते, हळद-कुंकू वाहते, दहीभात शिंपडते, म्हणजे कापूस दह्यासारखा पांढरा फुटावा. मजुरीच्या बाया बाजूला उभ्या राहतात आणि मग प्रसाद खाऊन पाती धरतात. पुष्पाबाई लग्न होऊन आल्यापासून बाजूला उभी होती. नवरा दुसऱ्याचा सालदार, वावर दुसऱ्याचं, दही दुसऱ्याचं. एकदा, मरायच्या आधी एकदा, तो दहीभात आपल्या हातानं आपल्या पऱ्हाटीवर शिंपडायचा, एवढंच तिचं स्वप्न. लोकांची स्वप्नं विमानात बसतात. हिचं वाटीभर दह्यात होतं.

शिवमला तिनं फोनवर नुसतं "मामा बोलावून राह्यला" एवढं सांगितलं, तर तो खामगावहून पेटूनच बोलला. "आई, तू जाय. साडी घे, जेव, गोड बोल. सकाळी पोट दुखते म्हून निंघून ये. मंग आपून वकिलाची नोटीस पाठवू. मांगून कसं बसते ते त्याइलेही समजू दे." पुष्पाबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मधल्या खोलीत तिची सून करिष्मा कान देऊन ऐकत होती, तिच्याकडे पाहून पुष्पाबाई उगीच हसली.

त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, सोनबानं माती खाल्ली.

कुस्ती नेहमीसारखीच संपली होती. डोंगऱ्या समोरच्याच्या छातीवर बसून जिंकला, पट्टा खांद्यावर टाकला, माइक हातात घेतला. सोनबा दोरीखालून बाहेर पडला. पोरांना टाळ्या द्यायला चालला असेल असं पुष्पाबाईला वाटलं. त्यानं तिथली एक घडीची लोखंडी खुर्ची उचलली. पुन्हा आत आला. डोंगऱ्या लोकांकडे तोंड करून बोलत होता. सोनबानं ती खुर्ची मागून त्याच्या पाठीत घातली. एकदा नव्हे, तो कोसळला तरी घालतच राहिला. हिंदीतला माणूस "धोका! धोका!" म्हणून किंचाळला, गर्दीतली एक पोरगी सोनबाचं चित्र हातात धरून ढसाढसा रडायला लागली, आणि इकडे उंद्रीत मांडीवर जेवणाचं ताट घेऊन बसलेल्या पुष्पाबाईच्या तोंडातून शब्द निघाला, "बरं झालं."

"काय म्हणलं आई?" चुलीपाशी बसलेल्या करिष्मानं विचारलं.

"काही नाही. मीठ पाह्यजे म्हणलं."

भाजीत मीठ चांगलं होतं. पुष्पाबाईला त्या रात्री दोन घास गेले नाहीत. सोनबानं मारलं त्याची तिला तेवढी भीती वाटली नाही. आपल्याला आनंद झाला त्याची वाटली.

दुसऱ्या दिवशी वावरात तिनं जे घडलं तेच सांगितलं. लपवून काय उपयोग? बायांनी हात झाडले. बोटं मोडली. कडेच्या पातीतून शिव्या आल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. "एवढे साल गोड गोड राह्यला अन् पोटात हे होतं मेल्याच्या," कोकिळा म्हणाली. "मी म्हणते, राग होता त असू दे. पण मांगून? पाठीत? थू!" प्रत्येक शिवी सोनबाला चालली होती आणि लागत होती पुष्पाबाईला. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भराभर वेचत राहिली.

करिष्मा तिच्या मागच्याच पातीत होती. नवीन पिढीची, मोबाइलवाली. तिला या सगळ्याची कीव आली असावी. "खोटं असते वं मावशी ते," ती कोकिळेला म्हणाली. "सगळं आधी ठरलेलं असते. एक माणूस लिहून देते अन् हे तसं करतात."

बायांना वाईट वाटलं नाही, अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढे दिवस त्या काय खोट्यासाठी जीव टांगणीला लावून होत्या? पण पुष्पाबाई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"लिहून देते? कोण?"

"असंन कोणी. कंपनीचा माणूस."

"मंग त्यानं दुसरं काऊन नाही लिहिलं?"

करिष्मा हसून पुन्हा वेचायला लागली. पण पुष्पाबाईला त्या प्रश्नानं धरलं. घरी भाकरी थापताना, हौदावर धुणं आपटताना, ती कंपनीच्या माणसाच्या जागी बसून पाहू लागली. काय बिघडलं असतं? सोनबा तोच, खुर्ची तीच, डोंगऱ्याची पाठ तीच. ती डोळे मिटायची आणि खुर्ची हवेत थांबायची. लोक श्वास धरून बसलेले. वरचे दिवे पांढरे, कापसासारखे. तिला वाटेल तितका वेळ ती खुर्ची तिथं धरून ठेवता यायची, आणि एवढा अधिकार तिला आयुष्यात कशावरच मिळाला नव्हता.

सोमवारी तिनं बायांना सांगितलं, की टीव्हीवाल्यांनी पुन्हा दाखवलं आणि आपलीच चूक झाली होती. सोनबानं खुर्ची उचलली, हे खरं. मागून गेला, हेही खरं. पण त्यानं ती मारली नाही. घडी उघडली, डोंगऱ्यामागं ठेवली, त्याचा खांदा धरून त्याला बसवलं, म्हणाला, दादा दमला तू, बैस. आणि गळ्यातल्या पंच्यानं त्याचा घाम पुसला.

बाया खूश झाल्या. एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. करिष्मानं सासूकडे डोळे वटारून पाहिलं. कोकिळाच तेवढी खूश झाली नाही. ती दोन झाडं वेचून झाल्यावर म्हणाली, "मंग?"

"मंग काय?"

"मंग पुढच्या शनिवारी सोनबा कुठी उभा राह्यते?"

पुष्पाबाईनं विचार केला. "दोरीबाहेर."

"अन् पट्टा?"

"डोंगऱ्याच्या खांद्यावर."

"मंग खुर्ची मारली तेच बरं होतं बाई," कोकिळा म्हणाली आणि पुढच्या झाडाला लागली. ज्या बाईनं काल बोटं मोडली तीच आज असं म्हणाली, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुष्पाबाई मात्र जागच्या जागी उभी राहिली. डोंगऱ्याला बसायला खुर्ची द्यावी तर आपण बाहेर. मारावी तर आपण राक्षस. यातून तिसरं काही कंपनीच्या माणसाला सुचत नसेल तर त्याला पगार कशाचा देतात?

ते तिसरं तिला सुचलं दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दुपारी. सुचलं म्हणण्यापेक्षा ते तिच्या तोंडून आपोआप निघालं. ऊन कलतं होतं. बाया जेवून सुस्तावलेल्या, कापसाची गाठोडी बांधावर, सगळं शिवार झोपेत असल्यासारखं पांढरं आणि शांत. "सोनबा खाली उतरला," ती सांगू लागली, जणू ती कुस्ती याच क्षणी समोर चालू आहे. "खुर्चीपाशी गेला. खुर्चीवर हात ठेवला. लोकं ओरडून राह्यले, मार, मार. त्यानं खुर्ची तिथीच राहू देली. वरतं आला, अन् डोंगऱ्याच्या मांगून नाही गेला. फिरून समोर गेला. तोंडासमोर. त्याच्या हातातला माइक मांगितला."

"काय म्हणला?" कोणीतरी विचारलं.

"म्हणला, दादा, मले मांगून येता येत होतं. नाही आलो. म्हून तू आता आयकून घे. तुह्या संगं म्या मार खाल्ला, तू माह्यासाठी खाल्ला, ते सगळं हाय. पण मलेही पट्टा पाह्यजे. सगळा नाही. माह्या वाटणीचा."

पाती थांबल्या होत्या. कोणाचाच हात चालत नव्हता. कोकिळेनं ओटीची गाठ मुठीत घट्ट धरली होती. "मंग? डोंगऱ्या काय म्हणला?"

पुष्पाबाईनं डोळे उघडले. इतक्या जणींचे चेहरे आपल्याकडे लागलेले पाहून ती घाबरली. डोंगऱ्या काय म्हणतो हे तिला खरंच माहीत नव्हतं. कितीही डोळे मिटले तरी तो तिला पाठमोराच दिसत होता.

"लाइट गेली," ती म्हणाली.

भाऊबीजेला ती सकाळीच निघाली. चिखलीला गाडी बदलली, मेहकरला बदलली. खिडकीशी जागा मिळाली, वारं गार होतं, आणि तिचा डोळा लागला की नाही हे तिलाही सांगता येणार नाही, पण मेहकरच्या पुढे शेजारच्या जागेवर सोनबा बसलेला होता. दोन माणसांची जागा अडवून, मांडीवर ती घडीची खुर्ची घेऊन. कंडक्टरनं पुष्पाबाईला बायांचं अर्धं तिकीट दिलं आणि त्याला पूर्ण दिलं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं घेतलं. बाहेर सोयाबीन निघून गेलेली काळी वावरं मागे पळत होती. तो काही बोलत नव्हता. त्याला बोलायला येत नसेल, मराठी तर नाहीच. पण तोही कुठंतरी कोणाच्या तरी दारी चालला होता आणि त्यालाही पोचायची घाई नव्हती, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं.

"खुर्ची तेवढी इथीच ठेव," पुष्पाबाई त्याला म्हणाली. "लोकाच्या पायात येते."

बीबी आली तेव्हा शेजारी एक म्हातारा डबा सांभाळत बसला होता आणि तिच्याकडे संशयानं पाहत होता.

माहेरी सगळं नेहमीसारखं होतं, आणि ते नेहमीसारखं असणंच अवघड होतं. सरस्वतीबाईनं, तिच्या वहिनीनं, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. उकंडराव "आली का उंद्रीची पाटलीण" म्हणून मोठ्यानं हसला. "मले, तुले" बोलते म्हणून तिची थट्टा झाली, दर दिवाळीला व्हायची तशी. जेवताना त्यानं तिच्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. पुष्पाबाईला वाटलं, सही करून टाकावी. काय घेऊन बसलीस पट्टी? हा माणूस पुरे नाही का?

मग तिला शिवमचा शब्द आठवला, मांगून. साडी घ्यायची, तूप खायचं, आणि नोटीस पाठवायची. ते तर तिच्यानं होणारच नव्हतं. आणि सही करून घरी गेली असती, तर पुढच्या वर्षी सीतादहीच्या वेळी बाजूला उभं राहून ती या तुपाचा राग राग करत बसली असती. तेही मागूनच मारणं झालं. फक्त ते कोणाला दिसलं नसतं.

ऊन उतरल्यावर ओवाळायची तयारी झाली. अंगणात रांगोळी, पाट, पाटावर नवा सदरा आणि डोक्याला टोपी घातलेला उकंडराव, त्याच्या गुडघ्याशी पिशवीत साडी. पुष्पाबाई ताट घेऊन समोर आली. निरांजन पेटलेलं. तिनं कुंकवाला बोट लावलं आणि थांबली. साडी हातात पडल्यावर बोललं तर ते घेऊन उलटणं होतं. बोलायचं तर आधी.

"दादा, ओवाळायच्या आधी एक सांगते. मी उद्या सही नाही करणार."

उकंडराव हसला. थट्टाच वाटली त्याला. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मले हिरीकडची पट्टी पाह्यजे. बाकी सगळं तुह्यं. त्याच्यावर मी आजच लिहून देते म्हणशील त देते. पण तेवढी पट्टी माही."

"कोणी शिकवलं? शिवमनं?"

"नाही."

"मग कोणी?"

खरं उत्तर, म्हणजे सोनबाचं नाव, दिलं असतं तर हिला वेड लागलंय असं दोघा नवरा-बायकोला वाटलं असतं. "माहं मीच," पुष्पाबाई म्हणाली.

"तुझ्या घरावरची टिनं मी ठोकलीत पुष्पे."

"हाव. ते नाही इसरली मी. म्हून त तोंडावर सांगून राह्यली. दुसरं कोणी असतं त नोटीस पाठवली असती."

उकंडराव पाटावरून उठला. ओवाळून न घेता. चपला घातल्या, कोणाकडे न पाहता दाराबाहेर गेला, आणि वावराच्या वाटेला लागला. ताटातली ज्योत हलत होती. सरस्वतीबाईनं तोंडाला पदर लावला.

"काय केलंत ताई हे? सणासुदीचं?"

पुष्पाबाईला रडू फुटलं. लहान पोरीसारखं, आवाज करून. ती रडली, नाक पुसलं, पण ताट खाली ठेवलं नाही. दिवस बुडाला. लिंबाच्या वर बीजेची बारीक कोर दिसायला लागली. सरस्वतीबाई काय करावं न सुचून म्हणाली, "चंद्राला ओवाळून घ्या ताई. भरलं ताट तसंच आत नेऊ नये. चंद्राला ओवाळलेलं चालतं."

"चंद्राले भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात," पुष्पाबाई म्हणाली. "माहा भाऊ जिता हाय. वावरात जाऊन बसला हाय."

तिनं निरांजनात तेल घातलं आणि पाटासमोर बसून राहिली. बसल्या बसल्या तिनं शेवट लावून पाहिले. एकात उकंडराव मुठीत विहिरीकडची माती घेऊन हसत आला. एकात तो आलाच नाही आणि ज्योत विझली. एकात त्यानं दारातूनच साडी अंगावर फेकली. सगळे शेवट तिला सारखेच खरे वाटले, आणि एकावरही तिची सत्ता नव्हती. सोनबा कुठंच नव्हता. बीजेची कोर उशिरापर्यंत थांबत नाही, ती लिंबामागं उतरली. अंगणात नुसता दिव्याचा उजेड राहिला.

मग चपला वाजल्या. उकंडरावाच्या पायांना पोटरीपर्यंत विहिरीकडचा चिखल होता. तो पाटावर येऊन बसला, मांडी घातली, टोपी सारखी केली.

"ओवाळ," तो म्हणाला.

पुष्पाबाईनं कुंकू लावलं. अक्षता लावल्या. तो समोरच्या भिंतीकडे बघत बोलला, एकेक शब्द तोडून. "पट्टी तुझी. उद्या मोजून देतो. पण आजपासून माझ्याशी बोलायचं नाही. फोन करायचा नाही. माझी बहीण होती ती संपली, असं समज."

सरस्वतीबाई "अहो" म्हणाली आणि तिथंच थांबली. पुष्पाबाईनं सगळं ऐकलं. तिनं ताट एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवून खाली ठेवलं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं ते पुसायला तिनं वेळ घेतला नाही. ताटातली करंजी उचलून तिनं त्याच्या तोंडापाशी नेली.

"तोंड उघड," ती म्हणाली.

उकंडरावानं तिच्याकडे पाहिलं नाही. पण तोंड उघडलं.